पेटीतल्या सीड्या पावसाआधी उतरवून ठेवा

आपल्या लोकांच्या घरी गेलात की भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. तशीच बहुतेक घरांत टीव्हीखालच्या कप्प्यात, नाहीतर लोखंडी पेटीत कपड्यांच्या खाली सीड्यांची एक चळत असते. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी घेतलेल्या भीमगीतांच्या सीड्या, बुद्धवंदनेची सीडी, जब्बार पटेलांच्या २००० सालच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ चित्रपटाची डीव्हीडी, थोरल्या मुलीच्या मंगल परिणयाची सीडी, वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीची सीडी. कुणी पैसे जमवून घेतलेली, कुणी भेट दिलेली, तर कुणाकडून ऐकायला आणलेली आणि परत करायची राहून गेलेली.

आज ही चळत बहुतेक घरांत बंद पडून आहे. प्लेअर बिघडला, दुरुस्त करणारा मिळत नाही, आणि गाणी आता मोबाईलवर वाजतात. त्यामुळे ‘सीड्या ठेवून काय करायच्या?’ असा प्रश्न घरातली तरुण मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की त्यातल्या काही सीड्या गेल्या तरी फारसे बिघडणार नाही. पण काही अशा आहेत की त्या गेल्या तर जगात दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत. या दुसऱ्या सीड्या ओळखून त्यांच्या प्रती काढणे हे प्रत्येक घराने या उन्हाळ्यात हाती घेण्यासारखे काम आहे.

बाजारातली सीडी आणि घरातली सीडी

सीड्यांचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात बाजारातून विकत घेतलेल्या, कारखान्यात छापलेल्या सीड्या. मोठ्या कंपनीची भीमगीते, चित्रपट, नाटक. यातले बरेचसे आज इंटरनेटवर सापडते. मात्र सगळेच सापडते असे नाही. छोट्या कंपन्यांनी काढलेल्या, जिल्ह्याबाहेर कधी न गेलेल्या गायन पार्ट्यांच्या सीड्या बाजारातून कायमच्या गेल्या आहेत.

दुसऱ्या ढिगात घरी किंवा व्हिडिओवाल्याने भरून दिलेल्या सीड्या. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन, जयंती, वर्षावासातले प्रवचन, महिला मंडळाचा कार्यक्रम, आजीने म्हटलेली ओवी. या सीडीची दुसरी प्रत बहुधा नसतेच. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मूळ टेप शूटिंगवाला आपल्याकडे जपून ठेवत नसे. तीच टेप पुढच्या लग्नाला वापरली जाई. म्हणून तुमच्या पेटीत जे आहे तेच काय ते.

काम सुरू करताना लोक पहिला ढीग आधी घेतात, कारण त्यातली गाणी ऐकायची असतात. क्रम उलटा हवा. आधी घरच्या सीड्या, मग छोट्या कंपन्यांच्या सीड्या आणि सर्वात शेवटी चित्रपट व प्रसिद्ध गाणी.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, निधन १५ मे २००४ चे. त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव, वस्तीवस्तीत जाऊन ती गायली. त्याच वर्षी जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच गेले. या मोठ्या कलावंतांच्या कंपनीने काढलेल्या ध्वनिफिती टिकतील. पण एखाद्या वस्तीत रात्री दोन वाजेपर्यंत चाललेल्या कार्यक्रमाचे कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून केलेले ध्वनिमुद्रण, जे पुढे सीडीवर उतरवले गेले, ते टिकेल की नाही हे त्या एका घरावर अवलंबून आहे.

एकच प्रत असली की काय होते

हे नुसते भय घालणे नाही. इतिहासात याचे दाखले आहेत.

दादासाहेब फाळके हेही आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे पाहायला मिळतात. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, पटकन पेट घेणारी. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि फाळक्यांची मूळ रिळे त्यात गेली. तरीही आज आपण ती दृश्ये पाहू शकतो, कारण आगीच्या आधीच त्यांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर काढून ठेवलेल्या होत्या. मूळ वस्तू जळाली, प्रत उरली.

दुसरा दाखला आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. बाबासाहेबांचे दिल्लीतले शेवटचे निवासस्थान म्हणजे २६, अलीपूर रोड. त्यांच्या मागे तिथे त्यांचे पुष्कळ लिखाण आणि कागदपत्रे होती. बंगला दुसऱ्याच्या मालकीचा झाल्यावर जानेवारी १९६७ मध्ये ही कागदपत्रे खोलीतून काढून उघड्या अंगणात टाकली गेली. त्या रात्री पाऊस झाला आणि कितीतरी पानांचा चिखल झाला. जे वाचले त्यातले पुष्कळसे पुढे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या खंडांतून छापले गेले आणि आज ते गावोगावच्या वाचनालयात आहे. त्या अंगणातल्या पानांची दुसरी प्रत कुठे असती, तर एका रात्रीच्या पावसाने एवढे नुकसान झाले नसते.

तिसरा दाखला समाधानाचा आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. तिचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी केले, आणि त्यासाठी त्यांनी आपला छापखाना गहाण ठेवला. मोठ्या कंपनीला जे सुचले नाही ते कर्ज काढून एका माणसाने केले. त्या फिल्मवरून पुढे प्रती निघाल्या, फिल्मवरून टेप, टेपवरून सीडी, सीडीवरून मोबाईल. म्हणून आज सुरगाण्यातला शाळकरी मुलगाही तो अथांग जनसागर पाहू शकतो. व्हटकरांनी रीळ तयार केले ही एक गोष्ट आणि त्याच्या प्रती होत गेल्या ही दुसरी. दोन्ही झाल्या म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले.

सीडी खराब का होते

सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची तबकडी. आपण वाजवताना खाली ठेवतो ती चकचकीत बाजू हे जाड प्लास्टिक आहे. माहिती असते ती वरच्या, म्हणजे नाव छापलेल्या बाजूला, अगदी पातळ धातूच्या थराजवळ. त्या थरावर फक्त रोगणाचा एक पापुद्रा असतो. म्हणून खालच्या बाजूचा ओरखडा अनेकदा निभावून जातो, पण नाव लिहिलेल्या बाजूचा ओरखडा जीवघेणा ठरतो. सीडी उलटी करून ठेवली की ती सुरक्षित राहते ही समजूत यामुळेच चुकीची आहे. डीव्हीडीत हा थर दोन पातळ तबकड्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे तिची वरची बाजू थोडी जास्त दणकट असते.

कारखान्यातल्या सीडीवर माहिती ठशाने उमटवलेली असते. घरी किंवा दुकानात भरलेल्या सीडीत मात्र एका रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा होतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा रंग उतरतो. म्हणजे जी सीडी आपल्याला सर्वात मोलाची, तीच सर्वात नाजूक.

आता आपला सुरगाणा पाहा. इगतपुरी, पेठ, त्र्यंबक यांच्याबरोबर नाशिक जिल्ह्यात सर्वात जास्त पाऊस घेणारा हा तालुका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल, पेटीतल्या कपड्यांना वास, चपलांवर बुरशी. तीच बुरशी सीडीवरही येते. स्पेनमधल्या संशोधकांनी २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण-दमट देशातून आलेली एक सीडी तपासली. बुरशी कडेने आत शिरून तिने प्लास्टिक आणि धातूचा थर दोन्ही खाल्ले होते. आपली हवा पावसाळ्यात बेलीझहून फार वेगळी नसते.

शिवाय आपल्यापैकी बरीच कुटुंबे इथे नोकरीनिमित्त आलेली. शाळा, दवाखाना, पंचायत समिती, वनखाते. बदली झाली की बिऱ्हाड उचलायचे. टेम्पोत भांडी आणि गाद्या यांच्यामध्ये सीड्यांचा पुडा कोंबला जातो, आणि दर बदलीत चार सीड्यांचे नुकसान होते.

यंत्रच राहिले नाही तर

सीडी चांगली राहिली तरी ती वाजवणारे यंत्र राहील का, हा दुसरा प्रश्न. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांची सीडी १९८२ साली बाजारात आली, व्हीसीडी १९९३ साली आणि डीव्हीडी १९९६ साली. आपल्या घरांत त्या पुष्कळ उशिरा आल्या आणि लवकरच जुन्या झाल्या. व्हिडिओ कॅसेटचे काय झाले ते पाहा. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले आणि नवा व्हीसीआर मिळणेच बंद झाले. आता नव्या लॅपटॉपमध्ये सीडी घालायची जागाच नसते. बाहेरून यूएसबी वायरने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून मिळतो, हजार-दोन हजारांत. आणखी दहा वर्षांनी तो सहज मिळेल याची खात्री कोणी देऊ नये.

कामाची रीत

हे काम करायला इंजिनिअर लागत नाही. घरात किंवा शेजारी एमएस-सीआयटी केलेली एखादी मुलगी असली तरी पुरे. मी वाणिज्य शाखेचा माणूस, त्यामुळे कोणत्याही कामाची सुरुवात वहीने करतो. तुम्हीही तसेच करा.

१. वही करा. प्रत्येक सीडीला क्रमांक द्या. वहीत चार रकाने आखा : क्रमांक, सीडीवर काय आहे, कधीची व कुठली, प्रत झाली की नाही. क्रमांक सीडीच्या कव्हरवर लिहा. सीडीवर बॉलपेनने लिहू नका आणि चिकटपट्टीही लावू नका.

२. पुसून घ्या. मऊ सुती कापड घ्या. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. फार मळली असेल तर साध्या पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून धुवा आणि सावलीत वाळवा. टूथपेस्ट, रॉकेल, थिनर असले प्रयोग करू नका.

३. सीडीचा प्रकार ओळखा. इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

फाइलींची सीडी : एमपी३ गाणी किंवा फोटो भरलेली. ही सर्वात सोपी. सगळी फोल्डरे उचलून कॉम्प्युटरवर कॉपी करायची.

गाण्यांची साधी सीडी : ही कॉम्प्युटरमध्ये घातली की प्रत्येक गाण्यासाठी ‘सीडीए’ नावाची इवलीशी फाइल दिसते. लोक त्या फाइली पेनड्राइव्हवर घेतात आणि काम झाले असे समजतात. त्या फाइलीत गाणे नसतेच! गाणे सीडीवर कुठून सुरू होते एवढाच पत्ता तिच्यात असतो. सीडी काढली की फाइल मुकी होते. यासाठी विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ‘रिप’ नावाची सोय आहे, ती वापरावी. प्रत फ्लॅक या प्रकारात ठेवावी. त्यात आवाज जराही कमी होत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. मोबाईलवर ऐकायला हवी तर त्यावरून वेगळी एमपी३ प्रत करता येते. एमपी३ वरून मात्र मूळ आवाज परत आणता येत नाही.

व्हीसीडी : जुन्या लग्नांच्या बहुतेक सीड्या याच. आत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचे फोल्डर असते आणि त्यात ‘डॅट’ प्रकारची मोठी फाइल. ती फाइल कॉपी करायची. व्हीएलसी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्लेअरवर ती चालते.

डीव्हीडी : आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर असते. एकच लग्न एकेक जीबीच्या पाच-सहा तुकड्यांत विभागलेले दिसते. त्यातला एखादाच तुकडा उचलू नका, फोल्डर जसेच्या तसे पूर्ण घ्या. संपूर्ण डीव्हीडीची एकच ‘आयएसओ’ फाइल करणे अधिक चांगले. मात्र जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. रिकामा असतानाच तो ‘एक्सफॅट’ प्रकारात फॉरमॅट करून घ्यावा.

४. अडलेल्या सीडीला घाई करू नका. एका ड्राइव्हवर न चाललेली सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर अनेकदा चालते. एखादा जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर पडून असेल तर त्याचा ड्राइव्ह वापरून पाहा. ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. तो आधी चांगला भाग वाचून घेतो आणि मग खराब जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाला त्याचे नाव सांगा. दोन तासांच्या लग्नातली दहा मिनिटे गेली आणि बाकीचे आले, तरी तो फायदाच आहे.

५. तपासा. प्रत झाली की सुरुवातीला, मधे आणि शेवटी एक-एक मिनिट लावून पाहा. मगच वहीत ‘झाली’ असे लिहा. आणि मूळ सीडी फेकून देऊ नका. ती कव्हरमध्ये उभी, कोरड्या डब्यात ठेवा. डब्यात डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लास्टिकला मानवत नाही. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाका.

खर्चाचा आणि वेळेचा हिशेब

समजा घरात ५० सीड्या आहेत. २० गाण्यांच्या, २० व्हीसीडी आणि १० डीव्हीडी. तासाभराची गाण्यांची सीडी न दाबता घेतली तर सुमारे ६३५ एमबी. वीस सीड्यांचे झाले १२.७ जीबी. व्हीसीडी प्रत्येकी ८०० एमबीपर्यंत धरली तर १६ जीबी. डीव्हीडी प्रत्येकी ४.७ जीबी, म्हणजे ४७ जीबी. एकूण सुमारे ७६ जीबी. सगळे घर १२८ जीबीच्या एका पेनड्राइव्हात बसले!

वेळ पाहू. चांगल्या सीडीला सरासरी पंधरा मिनिटे धरा. रोज रात्री जेवणानंतर चार सीड्या घेतल्या तर एक तास. पन्नास सीड्यांना तेरा रात्री. मधेच वीज गेली तर अर्धवट राहिलेली फाइल पुसून ती सीडी पुन्हा घ्यावी.

ड्राइव्हचा खर्च एका घराला जड वाटत असेल तर पाच घरांनी मिळून एकच घ्यावा. काम संपले की तो सहाव्या घराला द्यावा. आपल्याकडे भांडीकुंडी आणि सतरंज्या सामायिक घ्यायची पद्धत आहेच.

प्रत एक नको, तीन हव्यात

सीडीवरून पेनड्राइव्हवर घेतले म्हणजे काम संपले असे नाही. पेनड्राइव्ह हरवतो, मुले त्यावर सिनेमा भरतात, कधी तो अचानक बंद पडतो. हार्डडिस्क हातातून पडली की जाते. म्हणून जाणकारांचा नियम असा : एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी.

आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. मूळ सीडी ही एक. घरातला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क ही दुसरी. आणि तिसरी नाशिकला राहणाऱ्या भावाकडे, कल्याणच्या आत्याकडे किंवा मूळ गावी काकांकडे. दुसऱ्या गावीच का, असे कोणी विचारील. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा वेळी घरातल्या एका कपाटात तीन प्रती असल्या काय आणि एक असली काय, सगळ्या एकदमच जातात.

इंटरनेटवर ठेवायची सोयही आहे. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. घरच्या सर्वात मोलाच्या दहा-बारा फाइलींना ती पुरेल. पण ते खाते दोन वर्षे उघडलेच नाही तर कंपनी ते पुसून टाकू शकते. म्हणून खाते अधूनमधून उघडावे आणि त्याचा पासवर्ड घरातल्या निदान दोघांना माहीत असावा. एकट्या माणसाला माहीत असलेला पासवर्ड त्याच्याबरोबरच जातो.

व्हॉट्सअॅपवर पाठवले म्हणजे जपले, असेही समजू नये. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि चित्र धूसर होते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

आणि वर्षातून एक दिवस ठरवा. १४ एप्रिलच्या आधी आपण घर सारवतो, रंगवतो, तसबिरी पुसतो. त्याच दिवशी पेनड्राइव्ह लावून चार फाइली वाजवून पाहाव्यात. दर चार-पाच वर्षांनी सगळे नव्या साधनावर उतरवून घ्यावे.

नाव न लिहिलेली प्रत मुकी असते

या सगळ्या कामात यंत्राला न जमणारी एकच गोष्ट आहे, आणि तीच सर्वात महत्त्वाची. ‘व्हिडिओ १’ अशा नावाची फाइल वीस वर्षांनी कुणालाही काही सांगणार नाही. फाइलीचे नाव असे द्या : आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग, मग गाव. उदाहरणार्थ ‘२००६-०५ मंगल परिणय सुरगाणा’. वर्ष आधी लिहिले की फाइली आपोआप क्रमाने लागतात.

मग आजीला किंवा मोठ्या आत्याला शेजारी बसवा आणि ती सीडी पुन्हा लावा. पंगतीत वाढणारे हे कोण? ढोलकीवर कोण बसले आहे? वंदना घेणारे भन्ते कुठले? त्या सांगतील ते वहीत लिहून घ्या. अनेकदा असे होते, की सीडी दोन तासांची असते आणि आजीचे सांगणे चार तास चालते. तेही मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. सीडीतली माणसे आज ओळखणारी पिढी आणखी दहा वर्षांनी असेलच असे नाही. त्या सीडीत गेलेल्या आजोबांचा आवाज असतो, चालण्याची ढब असते, जावयाला पाहून तोंडावर आलेले हसू असते. फोटोत चेहरा मिळतो, पण ‘ये गं बाई’ अशी हाक मिळत नाही. हाक फक्त तिथेच आहे.

कायदा काय म्हणतो

विकत घेतलेल्या सीडीची प्रत काढणे गुन्हा आहे का, असे पुष्कळ जण विचारतात. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी किंवा स्वतःच्या वापरासाठी केलेल्या रास्त उपयोगाला मोकळीक आहे. स्वतः पैसे देऊन घेतलेली सीडी खराब होईल म्हणून घरच्यासाठी प्रत ठेवणे या अर्थाला धरून आहे. पण त्या प्रती विकणे, वाटणे किंवा इंटरनेटवर टाकणे त्यात बसत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो, कवीचा त्याच्या निधनानंतर ६० वर्षे. काही चित्रपटांच्या डीव्हीडीला कुलूप घातलेले असते. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरवला आहे. चित्रपट शेवटच्या ढिगात ठेवा, असे आधी सांगितले त्याचे हेही एक कारण आहे. चित्रपट पुन्हा मिळेल. त्यासाठी अडचणीत पडू नये.

कायद्यापेक्षाही माणुसकीची एक बाब आहे. आपले गायक आणि वादक हातावर पोट असलेले. ज्यांची गाणी ऐकून आपण लहानाचे मोठे झालो त्यांचे घर त्या गाण्यांवर चालते. म्हणून प्रत जपण्यासाठी काढावी, धंद्यासाठी नव्हे. गावच्या गायन पार्टीचे जुने चित्रण चारचौघांत दाखवायचे असेल तर त्या कलावंतांना, ते नसतील तर त्यांच्या घरच्यांना आधी विचारावे. आणि एक प्रत त्यांनाही द्यावी. बहुधा त्यांच्याकडे ती नसते.

शेजाऱ्यालाही हाक द्या

सुरगाणा हा आदिवासी तालुका. आपली घरे इथे मोजकी, आणि शेजार कोकणा, वारली, महादेव कोळी बांधवांचा. त्यांच्याही घरात अशाच पेट्या आहेत. बोहाड्याचे चित्रण, पावरीवर धरलेला नाच, लग्नात म्हाताऱ्या बायांनी म्हटलेली गाणी. वाजवणारे हात थकत चालले आहेत आणि सीडीवर तीच बुरशी चढते आहे. आपण ड्राइव्ह आणलाच आहे तर शेजारच्या दादाला, वहिनींना विचारावे, ‘तुमच्या सीड्या आहेत का?’ एक घर वाचले की दुसऱ्याला वाट दिसते.

मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर केव्हाही येतो. त्याच्या आत वही करून निदान घरच्या, एकुलत्या एक प्रती असलेल्या सीड्या उतरवून घ्याव्यात. बाकीच्या सवडीने होतील. येत्या रविवारी पेटी उघडा, चळत बाहेर काढा, उन्हात न ठेवता ओसरीवर मांडा आणि दोन ढीग करा. दुसरा ढीग किती लहान आहे हे पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. दहा-पंधरा सीड्या असतील. तेवढ्यांचे काम चार रात्रींत होते.